मॅमोग्राम नॉर्मल, पण रिपोर्टवर ‘डेन्स ब्रेस्ट’: शिबिरानंतर कोकणातल्या बाईने जायचं कुठे?

सुरंगी (कुडाळ)

गेल्या थंडीत आमच्या भागात मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढणारी, गाडी आली होती. बचत गटाच्या बायकांनी घरोघरी फिरून नावं जमवली आणि चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच जणींनी तपासणी करून घेतली. रिपोर्ट आले, बहुतेकींचे नॉर्मल. पण काही रिपोर्टांच्या शेवटी एक ओळ होती: ‘डेन्स ब्रेस्ट, बाय-रॅड्स सी. सोनोग्राफी करून पडताळा घ्यावा.’ मी शाळेत शिकवते, म्हणून त्या बायका कागद घेऊन माझ्याकडे आल्या. “बाई, नॉर्मल म्हणतत आनि परत सोनोग्राफी कित्याक?”

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्यांना रिपोर्ट हातात देतानाच मिळायला हवं होतं. वाचून आणि डॉक्टरांना विचारून मला जे समजलं ते मांडते. इथल्या जाणकारांनी भर घालावी.

स्तनात चरबी असते, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि या सगळ्याला आधार देणारे तंतू असतात. मॅमोग्रामवर चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. चरबी जास्त असेल तर काळ्यावर पांढरं चटकन नजरेत भरतं. ग्रंथी आणि तंतू जास्त असतील तर मात्र भर पावसात आंबोली घाटाच्या धुक्यातून समोर येणाऱ्या पांढऱ्या गाडीसारखं होतं, अगदी जवळ येईपर्यंत पत्ता लागत नाही. गाठ चित्रात असते, पण बाकीच्या पांढऱ्यातून वेगळी काढता येत नाही.

ग्रंथी-तंतूंच्या या दाटपणाचे, म्हणजे घनतेचे, बाय-रॅड्स या रिपोर्ट लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत ए, बी, सी, डी असे चार वर्ग करतात. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय घन. सी आणि डी या दोघांना ‘डेन्स’ म्हणतात. हा आजार नाही, दोषही नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीप्रमाणे चाळिशी ओलांडलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या या दोन वर्गांत येतात. तेव्हा रिपोर्टवर हा शब्द दिसला म्हणून रात्रीची झोप घालवायचं कारण नाही. पण तो कागद देवघराच्या खणात ठेवून विसरायचाही नाही.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. कागदावर ‘सोनोग्राफी करा’ असं लिहून गाडी पुढच्या तालुक्याला जाते. इथे ती बाई एका दिवसाची मजुरी सोडून, घरच्यांची समजूत घालून, शेजारणीच्या सोबतीने कशीबशी गाडीपर्यंत आलेली असते. आता तिने कुठल्या सेंटरला जायचं, कोणाची चिठ्ठी न्यायची, पैसे किती लागणार, एसटी कुठली धरायची, यातलं काहीच कोणी सांगत नाही. आमच्याकडच्या ज्या जणींना सोनोग्राफी सांगितली होती, त्यांतल्या फार थोड्या पुढे गेल्या. शिबिर भरवणाऱ्यांनी मॅमोग्राफीची गाडी ठरवतानाच तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफीचा दिवस ठरवून ठेवला पाहिजे. नाहीतर ज्या बायकांना सर्वांत जास्त गरज, त्यांचीच तपासणी अर्धवट राहते.

तुमच्याकडे काय स्थिती आहे?

अबोलीचा_गजरा (दापोली)

फार महत्त्वाचा धागा. एक विचारायचं होतं. मी ३८ वर्षांची आहे, मॅमोग्राम कधी केलेला नाही. हाताला घट्ट आणि गाठी-गाठीसारखं लागतं, पाळीच्या आधी तर फारच. म्हणजे मी डेन्समध्ये मोडते का?

क्ष-किरण (मूळ चिपळूण, सध्या पुणे)

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सुरंगीताईंनी मूळ मुद्दा बरोबर मांडलाय. अबोली, हाताने चाचपून घनता कळत नाही, तुम्हालाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मऊ लागणारा स्तन मॅमोग्रामवर डी निघतो, घट्ट लागणारा बी निघतो. आकाराशीही त्याचा संबंध नाही. पाळीच्या आधी जाणवणाऱ्या गाठी बहुधा हार्मोन्सच्या चढउतारामुळे असतात. पण त्यातली एखादी पाळी गेल्यावरही तिथेच, तशीच राहिली तर वय न बघता दाखवून घ्या.

साधारणपणे तरुण वयात घनता जास्त असते आणि पाळी गेल्यावर कमी होत जाते. सडपातळ बायकांत जास्त आढळते. अंगावर पाजत असताना वाढते. पाळी गेल्यावर हार्मोन्सच्या गोळ्या घेतल्या तर वाढू शकते. काही घराण्यांत उपजतच जास्त असते.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. मॅमोग्रामच्या रिपोर्टवर बाय-रॅड्सच्या नावाने दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात, एक आकडा आणि एक अक्षर. अक्षर घनतेचं. आकडा म्हणजे डॉक्टरांना चित्रात काय दिसलं त्याचा निष्कर्ष. १ म्हणजे काही आढळलं नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण ते निरुपद्रवी आहे. ३ म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, पण सहा महिन्यांनी परत बघायचं. ४ आणि ५ म्हणजे सुईने तुकडा काढून तपासायचा. आणि शून्य म्हणजे ‘काही नाही’ असं मुळीच नाही. शून्य म्हणजे एवढ्या चित्रावरून ठरवता येत नाही, आणखी तपासणी हवी. शून्य बघून खूश होऊन घरी गेलेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून पुन्हा सांगतो: शून्य लिहिलं असेल तर तपासणी पूर्ण झालेली नाही.

तेव्हा ‘१, सी’ असा रिपोर्ट असेल तर त्याचा अर्थ एवढाच की आम्हाला संशयास्पद काही दिसलं नाही, पण आम्ही ज्यातून बघत होतो ते दाट होतं. फारच घन स्तनांत मॅमोग्रामची कॅन्सर पकडण्याची क्षमता काही अभ्यासांत ६० टक्क्यांच्या आसपास उतरलेली दिसते. चरबी जास्त असलेल्या स्तनांत ती ८५ टक्क्यांच्या पुढे असते.

घनतेमुळे धोकाही थोडा वाढतो. ‘चौपट धोका’ असं कुठेतरी वाचून बायका हादरून येतात. तो आकडा डी वर्गाची ए वर्गाशी तुलना करून आलेला आहे, आणि ए वर्गात मुळात दहातली एखादीच बाई असते. सरासरी बाईशी तुलना केली तर डी वर्गात धोका दुपटीच्या आसपास जातो, सीमध्ये त्याहून कमी.

देवगडकर

बायकांच्या धाग्यावर पुरुषाने लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो.

माझी पत्नी ४३ वर्षांची असताना एका शहरात तिचा मॅमोग्राम झाला. रिपोर्ट नॉर्मल, खाली डेन्सचा उल्लेख. आम्हाला त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. पुढे काही महिन्यांनी आंघोळ करताना तिच्या हाताला बारीक गाठ लागली. दुखत नव्हती. एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी जुना रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, नॉर्मल आहे की, काळजी करू नका. त्यात आंब्याचा हंगाम गेला. गाठ मोठी वाटू लागली तेव्हा दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी केली आणि तिथे ती स्वच्छ दिसली. मग बायोप्सी, ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं मुंबईला. खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले योजनेतून निघाला. आता ती बरी आहे, बागेत कलमं बघायला माझ्याबरोबर येते.

माझं सांगणं एकच. हाताला गाठ लागली असेल तर जुना नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवा. तो त्या दिवसाचा आणि त्या चित्राचा होता.

क्ष-किरण

देवगडकर, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. वहिनींना नमस्कार सांगा.

तुम्ही सांगितलेलं वैद्यकशास्त्रातही असंच आहे. गाठ असेल तर ती स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसताना केलेली तपासणी, राहत नाही, ते निदान होतं, आणि त्याचे नियम वेगळे. डॉक्टरांनी हाताने तपासायचं, मग मॅमोग्राम किंवा सोनोग्राफी किंवा दोन्ही, आणि शंका उरली तर सुईने तुकडा. या तिन्हींचा मेळ बसला तरच सोडायचं. तिशीच्या आतल्या मुलीला आम्ही आधी सोनोग्राफीच करतो. गाठीखेरीज बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव, कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, काखेत गाठ, यातलं काहीही असलं तरी हेच लागू.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, हा समज कोकणातही घट्ट बसलाय. तसं होत नाही. बायोप्सी टाळण्यात जो वेळ जातो, त्यात आजार पसरतो.

खाडीपलीकडे

माझ्या आवशीची तपासणी करूची आसा. वय पासष्ट. ती म्हणता, “माका काय एक झाला नाय, कशाक जावचा?” आमची मामी ह्याच दुखण्यान गेली, म्हणान माका काळजी लागली. मी मुंबयत, आवस कणकवलेच्या बाजूक एकटी. गणपतीक गावाक येतलंय तेवा तिका घेवन जावचा म्हणतंय. मामीक झाला म्हणजे आमच्या आवशीक पण धोको आसा काय? आनि इतक्या वयात ह्या डेन्स असता काय?

क्ष-किरण

मामी म्हणजे आईच्या भावाची बायको. तुमच्या आईशी तिचं रक्ताचं नातं नाही, त्यामुळे त्या कारणाने आईचा धोका वाढत नाही. हे इथे सगळ्यांसाठीच लिहितो, कारण ‘घरात कोणाला होता का’ असं विचारलं की लोक सासूचं, मामीचं, काकूचं नाव सांगतात आणि वडिलांकडची माणसं सांगायला विसरतात. बाईने स्वतःची आई, बहीण, मुलगी, आजी, मावशी आणि आत्या धरायच्या. वडिलांच्या आईचा आजारही तितकाच मोजायचा, कारण सदोष जनुक वडिलांकडूनही येतं. अंडाशयाचा कॅन्सर किंवा घरातल्या पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सरही सांगायचा.

पासष्टीत घनता बहुधा उतरलेली असते, सगळ्यांचीच नाही. पण त्या वयात मॅमोग्राम बऱ्याचदा स्वच्छ दिसतो आणि त्याचा उपयोगही जास्त. पाळी नसल्याने कुठल्याही दिवशी चालेल. पाळी येणाऱ्या बायकांनी ती संपल्यानंतरच्या आठवड्यात करावा, तेव्हा दाबल्यावर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये, त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसतात.

साधासरळ (रत्नागिरी)

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. आमच्या घरात हेच झालं. रिपोर्ट नॉर्मल, पण डेन्स, म्हणून सोनोग्राफी. सोनोग्राफीत काहीतरी दिसलं, म्हणून सुईची तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाला जेवण गेलं नाही. शेवटी निघाली साधी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ, जिला काहीच करायचं नव्हतं. तपासणीवर तपासणी सांगत गेलं तर कोकणातल्या बायका पहिल्या तपासणीलाही येणार नाहीत. आणि या जादा तपासणीने जीव वाचतात असं सिद्ध झालंय का?

क्ष-किरण

राग कसला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मृत्यू कमी होतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञांच्या कृतिगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सांगितला, पण डेन्स स्तनांसाठी जादा सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी की नाही यावर पुरावा अपुरा आहे असं स्पष्ट म्हटलं.

मात्र पुरावा शून्य आहे असंही नाही. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. नुसत्या मॅमोग्रामने ७७ टक्के कॅन्सर पकडले गेले, जोडीला सोनोग्राफी केल्यावर ९१ टक्के. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवलेले कॅन्सर नुसत्या मॅमोग्रामच्या गटात ३५ होते, सोनोग्राफीही केलेल्या गटात १८. नेदरलँड्समध्ये डी वर्गातल्या, मॅमोग्राम नॉर्मल आलेल्या ५० ते ७५ वयाच्या बायकांना एमआरआयला बोलावलं. २०१९ चा तो निकाल आहे. मधल्या काळातले कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. ब्रिटनमधला २०२५ चा अभ्यास आणखी रोचक आहे. तिथे मॅमोग्राम नॉर्मल आलेल्या डेन्स बायकांत, शिरेतून औषध देऊन काढलेल्या मॅमोग्रामने हजारी सुमारे १९ जादा कॅन्सर सापडले, कमी वेळात उरकणाऱ्या एमआरआयने सुमारे १७ आणि यंत्राने आपोआप केलेल्या सोनोग्राफीने सुमारे ४. म्हणजे सोनोग्राफी या सगळ्यांत दुबळी आहे. पण कणकवली-कुडाळला बाईच्या आवाक्यात आहे ती तीच, आणि तिच्यात किरणोत्सर्ग नाही.

आणि तुमच्या घरी जे झालं त्याचाही आकडा आहे. त्या डच अभ्यासात पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या हजार बायकांमागे सुमारे ८० जणींना कॅन्सर नसताना पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं. कॅन्सर सापडला तो सुमारे १६ जणींना. ही घालमेल खरी असते आणि बाईला ती आधी सांगितली पाहिजे. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगतो की यात काही दिसेल, बहुतेक वेळा ते साधं निघेल, पण तोवरचे दिवस कठीण जातील. हे कळल्यावर जी हो म्हणते तिचीच करतो.

साधासरळ

हे असं कोणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर घरात इतका गोंधळ उडाला नसता. पटलं.

पालशेत_ते_न्यूजर्सी

इथली पद्धत सांगते. १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला बाईला पत्र पाठवून तिची घनता कळवावी लागते, डेन्स असली तरी आणि नसली तरी. ‘तुमच्या डॉक्टरांशी पुढच्या तपासणीबद्दल बोला’ असं त्यात साध्या भाषेत असतं. याची सुरुवात एका बाईमुळे झाली. कनेक्टिकट राज्यातल्या नॅन्सी कॅपेलो यांचे मॅमोग्राम वर्षानुवर्षं नॉर्मल येत होते आणि २००४ मध्ये त्यांचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात सापडला. स्तन डेन्स आहेत हे डॉक्टरांना माहीत होतं, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पाठपुरावा करून २००९ मध्ये आपल्या राज्यात कायदा करून घेतला, मग एकेक राज्य करत गेलं. २०१८ मध्ये त्या गेल्या, देशभराचा नियम त्यांना बघायला मिळाला नाही.

माझी आई पालशेतला असते. तिच्या रिपोर्टवर घनतेचं अक्षरच नव्हतं. फोन करून विचारल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं. तेव्हा मागा, मिळतं.

उपकेंद्रातली_ताई (गुहागर तालुका)

मी आशा म्हणून काम करते. इथे मोठमोठ्या तपासण्यांची चर्चा चाललीय ती चांगलीच आहे, पण आमच्याकडे पहिली पायरीच डगमगते.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आम्ही सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतो. त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का हे विचारलेलं असतं. मग उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम हाताने तपासणी करतात, फुकट. बायका बीपी बघून घेतात, साखर बघून घेतात, पण छातीची तपासणी म्हटलं की पदर घट्ट करून उठतात. म्हातारी सासू सोबत असेल तर सून प्रश्नालाही उत्तर देत नाही. म्हणून मी आता फॉर्म विहिरीवर किंवा काजूच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत भरते, घरी नाही.

भातलावणीत आणि शिमग्यात कोणी येत नाही. सगळ्यांत चांगला काळ म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला बायका एकत्र जमलेल्या असतात, नटलेल्या असतात, घाई नसते. आमच्या मॅडमनी उपकेंद्रातच हळदीकुंकू ठेवलं, आतल्या खोलीला पडदा लावला आणि एकेकीला आत बोलावलं. वाण म्हणून साबण दिला. त्या दिवशी जितक्या जणींची तपासणी झाली तितकी एरवी कित्येक महिन्यांत होत नाही.

एक विचारते. ज्यांना मॅमोग्राम मिळतच नाही त्यांना नुसत्या हाताच्या तपासणीचा काही उपयोग आहे का, की आम्ही उगाच करतोय?

क्ष-किरण

ताई, तुमचं काम उगाच नाही, आणि याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. तिथे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर ३७ टक्के होते, बाकीच्या वस्त्यांत ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही. तेही सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो.

हाताच्या तपासणीला घनतेचा अडथळा मॅमोग्रामइतका येत नाही, म्हणून डेन्स रिपोर्ट आलेल्या बाईनेही ती सोडू नये.

वालावलची (कुडाळ)

आमच्या इथे परवा एका शिबिरात ‘थर्मल’ तपासणी होती. हात लावायचा नाही, दाबायचं नाही, किरण नाहीत, आणि डेन्स बायकांसाठी मॅमोग्रामपेक्षा चांगली असं सांगत होते. करावी का?

क्ष-किरण

मॅमोग्रामच्या ऐवजी म्हणून नाही. उष्णतेवरून चित्र काढण्याची ही पद्धत मॅमोग्रामची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला आहे. त्यात ‘ठीक’ आलं म्हणून मॅमोग्राम किंवा सोनोग्राफी सोडू नका. हात लावायचा नसतो म्हणून बायकांना ती सोपी वाटते, ते मी समजू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

सुरंगी

धाग्यात इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं. क्ष-किरण, एक व्यवहाराचा प्रश्न. सोनोग्राफीचं मशीन छोटं असतं, मॅमोग्राफीच्या गाडीतच का आणत नाहीत? मग सगळं एकाच दिवशी होईल.

क्ष-किरण

कारण कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन आणि ते जिथे वापरायचं ती जागा नोंदवावी लागते. हातात घेऊन फिरायच्या मशीनवर जास्तच बंधनं आहेत. स्तनासाठी आणलंय असं सांगून ते गावोगाव नेता येत नाही. म्हणून बाईला मशीनकडे न्यावं लागतं.

दुसरं, स्तनाची सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. पोटाची सोनोग्राफी रोज करणाऱ्या प्रत्येकाला स्तनाची सवय असतेच असं नाही. जाताना मॅमोग्रामच्या फिल्म किंवा सीडी न्या, नुसता कागद नको. दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा बघायला सांगा. आणि जुन्या फिल्म टाकू नका, दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी तुलना करूनच कितीतरी गोष्टी आम्हाला कळतात. कोकणातल्या दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात, तेव्हा मध्ये कोरा कागद घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. जिच्या घरात आई-बहिणींना कमी वयात आजार झालाय किंवा बीआरसीए या, घराण्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या, जनुकाचा दोष सापडलाय, तिने मात्र घनता काहीही असली तरी त्याबद्दल विचारावं. स्तनांच्या एमआरआयला वेगळी कॉइल (मशीनला जोडायचा खास भाग) लागते, प्रत्येक केंद्रात ती नसते. सिंधुदुर्गातून गोवा किंवा कोल्हापूर, उत्तरेकडून मुंबई-पुणे. निघण्याआधी फोन करून ‘ब्रेस्ट कॉइल आहे का’ असं विचारा, नाहीतर घाट चढून गेल्यावर परत फिरावं लागतं.

उपकेंद्रातली_ताई

आमच्या बाजूला चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाचं काम आहे. टाटाच्या मदतीने रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावागावांतून तपासण्या झालेल्या आहेत. माझ्या वस्तीतल्या बायका तिथे जायला तयार होतात, कारण कोणीतरी ओळखीची आधी जाऊन आलेली असते. एकटीला चिठ्ठी दिली तर ती जात नाही. चार-पाच जणींना एकाच दिवशी एका गाडीने पाठवलं तर सगळ्या जातात.

सुरंगी

ताई, हे अगदी मनातलं बोललात.

सगळ्यांचं वाचून आमच्या बचत गटाने ठरवलंय ते लिहिते. येत्या संक्रांतीनंतर पुन्हा गाडी बोलवायची आहे. गाडी आणणाऱ्या मंडळाला या वेळी आम्ही आधीच अटी सांगणार. प्रत्येकीच्या रिपोर्टवर आकडा आणि अक्षर दोन्ही हवीत, आणि खाली दोन ओळी मराठीत. कुडाळ किंवा कणकवलीच्या एका सोनोग्राफी केंद्राशी आधी बोलून एक पूर्ण सकाळ आमच्यासाठी राखून घ्यायची, दरही तेव्हाच ठरवायचा. सी आणि डी आलेल्या, आणि शून्य आकडा आलेल्या, सगळ्यांना एकाच टेम्पो ट्रॅव्हलरने न्यायचं. भाडं गट भरेल. महात्मा फुले योजना उपचारांना उपयोगी पडते, पण या तपासणीचा खर्च तिच्यात बसवता येईल असं आम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तो आम्ही ग्रामपंचायतीकडे मागणार आहोत. महिला आणि बालकल्याणासाठी पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला काही वाटा ठेवायचा असतो, त्यातून मिळतो का बघू.

क्ष-किरण, ज्या जणींना घनतेखेरीज दुसरा कुठलाच धोका नाही आणि ज्या सोनोग्राफीला नको म्हणतील, त्यांना काय सांगायचं?

क्ष-किरण

सांगायचं की हरकत नाही, हा त्यांचा निर्णय आहे. दर दोन वर्षांनी मॅमोग्राम, उपकेंद्रातली हाताची तपासणी, आणि मधल्या काळात काहीही वेगळं जाणवलं तर पुढच्या फेरीची वाट न बघता त्याच आठवड्यात यायचं. हे शेवटचं दोनदा सांगा. नको म्हणणाऱ्या बाईचं नाव यादीतून खोडू नका, पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

मराठी दोन ओळींचा मजकूर मी लिहून देतो. संक्रांतीनंतर मी चिपळूणला घरी असेन, तुमच्या सोनोग्राफीच्या दिवशी कुडाळला येऊ शकतो. तारीख आधी कळवा.

देवगडकर

टेम्पो ट्रॅव्हलर माझी घ्या, भाड्याचं बघू नका. पत्नी सोबत येईल म्हणते. ज्या घाबरल्या असतील त्यांच्याशी बोलायला तिला आवडेल.

सुरंगी

दोघांचेही खूप आभार. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला भागातल्या ज्या बचत गटांना यात यायचं असेल त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. केंद्राशी बोलताना किती जणी असतील ते सांगावं लागेल, म्हणून दिवाळीच्या आत कळवा.